सुई बसेपर्यंत

गुरुवारी भोसरी बंद असते.
प्रेस गप्प, लेथ गप्प,
लांडेवाडीच्या कोपऱ्यावर रस्त्याच्या मधोमध
एक कुत्रा झोपतो आणि त्याला कुणी उठवत नाही.
म्हणून डायनो आम्ही गुरुवारी चालवतो.
कान लावायचा तर शेजार झोपलेला हवा,
तांबोळीचाचा म्हणायचे.

आज रोलरवर बाणेरच्या ओजस धुमाळची गाडी.
टर्बो नवा, इंजेक्टर कंपनीचेच.
"ताई, अजून वीस घोडे निघतील ना?"
घोडे निघतात रे.
प्रश्न चंदीचा असतो.

पडद्यावरचा आकडा दाखवते: सत्त्याण्णव.
तो खूश होतो.
शंभराच्या जवळ गेलेलं सगळं चांगलंच असतं
असं शाळेनं आपल्या सगळ्यांना शिकवलंय.

बस इथं.
सहा हजार आरपीएमला
दोन फेऱ्यांमागे वीस मिलिसेकंद मिळतात.
तुझी पापणी एकदा लवेपर्यंत
असे पाच-सात वीस उलटून जातात.
त्या विसातले एकोणीस पॉइंट चार
सुई उचललेली, पेट्रोल सुटतंय.
उरले पॉइंट सहा.
त्यात तिनं खाली यायचं, बसायचं,
पुन्हा उठायच्या तयारीत राहायचं.
ती बसतच नाही.

आणि उठायचंही कसं,
हुकूम सुटतो, करंट पोचतो
आणि तरी मिलिसेकंदभर काहीच होत नाही.
आतून आई "आले, आले" म्हणते
आणि खरंच येते,
तेवढं अंतर.
बॅटरी उतरली की ते वाढतं.
आईचंही वाढलंय हल्ली.

पंच्याऐंशीच्या वर हिशेबावर भरवसा नाही.
कॉम्प्युटर मागत राहतो,
तार हो म्हणत राहते,
थेंब मात्र तेवढेच.
मग मिश्रण लीन होतं.
आपल्याकडे लीन म्हणजे पायाशी बसलेला.
इथं लीन म्हणजे उपाशी,
आणि उपाशी आग जास्त तापते.

त्या कपाटात, खालच्या खणात,
फडक्यात बांधलेला एक पिस्टन आहे.
तिसऱ्या सिलिंडरचा.
कड मेणासारखी ओघळलेली.
कामशेतच्या पुढे चढाला गेली ती गाडी,
धूर, मग टोइंगवाला, मग मालकाचा फोन.
तिचा मॅप माझा होता.
ब्याण्णवला सोडली होती मी,
चाचा त्या दिवशी दवाखान्यात होते
आणि गिऱ्हाईक घाईत.

चाचांकडे लॅपटॉप नव्हता.
लांब डिसमिस इंजेक्टरला टेकवायचे,
मूठ कानामागच्या हाडाला.
"दोन आवाज असतात, पोरी.
उठण्याचा आणि बसण्याचा.
बसण्याचा ऐकू येईना झाला की पाय काढ."

एकदा मी म्हटलं,
चाचा, माणसाचंही असंच असतं, नाही?
बावीस वर्षं फोर्जिंगला काढलेला माणूस,
त्यातली निम्मी डबल पाळीत.
फडक्यानं डिसमिस पुसत म्हणाले,
"माणसाचं राहू दे.
चौथा इंजेक्टर ऐक, तो खोटं बोलतोय."

ओजस ऐकतो. निदान ऐकल्यासारखं करतो.
मोठे इंजेक्टर मागवू, दहा दिवस लागतील,
तोवर बूस्ट उतरवते.
"म्हणजे पॉवर कमी?"
कमी.
तो फोन घेऊन बाहेर जातो.
वाकडला कुणीतरी आहे,
कुणी काही विचारत नाही म्हणे तिथं.

मी एक्क्याऐंशीवर आणते.
सेव्ह करते, त्याला न विचारता.
मग इंजिन नुसतं चालू ठेवते,
जेमतेम तीन टक्के,
आणि डिसमिसची मूठ कानामागे धरते.
टक, आणि लगेच त्याच्या मागे
दुसरा, बारीक.

काचेतून दिसतो ओजस,
फोनवर हातवारे करत,
येरझाऱ्या घालताना
दर वेळी कुत्र्याला वळसा घेतो.